गिनी-बिसाव: एका काजूबीवर चाललेला देश

कुडाळजवळ माझ्या मामाचा काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक बॉयलर आणि फोडायला-सोलायला गावातल्याच बारा-पंधरा बायका, एवढाच पसारा. गणपतीला गेलो होतो तेव्हा शेडच्या मागच्या भिंतीला तागाच्या पोत्यांची थप्पी लागलेली, माणसाच्या उंचीची. मी आपलं सहज म्हटलं, यंदा आपल्याकडे बी बरीच झालेली दिसतेय. तर मामा म्हणतो, "आपली खयची रे, ही बिसावची." बिसाव म्हणजे कुठलं विचारलं तर "आफ्रिकेतला" म्हणाला आणि बॉयलरकडे गेला, विषय संपला.

मग २०२५ च्या नोव्हेंबरात बातमी आली, गिनी-बिसावमध्ये लष्कराने सत्ता घेतली. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक २३ तारखेला झाली, निकाल २७ ला लागायचा होता आणि मध्येच २६ ला लष्करी अधिकाऱ्यांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की आता आम्ही बघतो. आपल्याकडच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी. पण मामाचा मेसेज आला, "बिसावात मिलिटरी इली मा, बियेचो दर वाढतलो काय?" त्याला धड उत्तर देता यावं म्हणून वाचायला बसलो आणि त्यातच अडकलो. हा लेख त्यातूनच झालाय, त्यामुळे काजूकडे जरा जास्त झुकलेला आहे हे आधीच सांगून टाकतो. पण तो देशही तसाच झुकलेला आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू

गिनी नावाचे देश चार आहेत. एक नुसता गिनी, राजधानी कोनाक्री, पूर्वी फ्रेंचांकडे. दुसरा आपला गिनी-बिसाव, पूर्वी पोर्तुगीजांकडे. तिसरा इक्वेटोरियल गिनी, तो स्पॅनिशांकडे होता आणि नकाशात बराच खाली आहे. चौथा पापुआ न्यू गिनी, त्याचा आफ्रिकेशी काही संबंध नाही, तो ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर आहे.

असं का झालं? तर युरोपियन खलाशी पश्चिम आफ्रिकेच्या अख्ख्या किनारपट्टीलाच गिनी म्हणायचे, आपण जसं डहाणूपासून खालपर्यंत सगळ्याला कोकण म्हणतो तसं. नंतर ज्याने जो तुकडा बळकावला तो त्याचा गिनी. फ्रेंच गिनी १९५८ ला स्वतंत्र झाला आणि नुसतं गिनी हे नाव घेऊन बसला, मग पोर्तुगीज गिनीवाल्यांनी पुढे आपल्या नावाला राजधानीचं नाव जोडलं. गिनी-बिसाव म्हणजे बिसाववाला गिनी. गावात दोन सावंत असले की एकाला आपण "वरच्या वाडीतले सावंत" म्हणतो ना, तसंच.

देश कसा दिसतो

उत्तरेला सेनेगल, पूर्व आणि दक्षिणेला तो कोनाक्रीवाला गिनी, पश्चिमेला अटलांटिक. क्षेत्रफळ ३६,१२५ चौरस किलोमीटर, पण त्यातला मोठा भाग पाणीच आहे, कोरडी जमीन धरली तर साधारण २८,००० म्हणजे आपल्या कोकण विभागापेक्षा थोडी कमीच. लोकसंख्या वीस-बावीस लाख. गोवा आणि सिंधुदुर्ग मिळून जेवढी माणसं होतात साधारण तेवढी, म्हणजे देश म्हणून किती लहान ते बघा.

कोकणाशी तुलना इथपर्यंत ठीक आहे, पण सह्याद्री काढून टाका. हा देश सपाट आहे, सगळ्यात उंच जागासुद्धा ३०० मीटरच्या आसपास. त्यामुळे समुद्राला अडवणारं काही नाही. काशेव, मान्सोवा, जेबा, कोरुबाल अशा नद्या आहेत पण किनाऱ्याकडे त्यांच्या नद्या राहतच नाहीत, खाड्या होतात, भरतीचं पाणी कितीतरी किलोमीटर आत चढतं आणि ओहोटीला मैलोन्मैल चिखल उघडा पडतो. चिखल आला की खारफुटी आली, तिवरांची जंगलं आली, कालवं आली, मासे आले आणि बगळ्या-पाणलाव्यांचे थवे आले.

समुद्रात बिजागोस नावाचा द्वीपसमूह आहे, ८८ बेटं, त्यातल्या साधारण वीसच बेटांवर माणसं कायमची राहतात. बाकीची कशासाठी? काही शेतीपुरती, काही देवाची. आपल्याकडे देवराईत कुऱ्हाड चालवत नाहीत तसं तिथे काही अख्खी बेटंच राखलेली आहेत, विधी केल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. पोइलांव नावाच्या एका बेटावर हिरवी समुद्री कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात, आणि ओरांगो बेटाच्या बाजूला पाणघोडे चक्क खाऱ्या पाण्यात डुंबतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने या बेटांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा मात्र आपल्याकडे चार ओळीसुद्धा आल्या नाहीत.

खाजण शेती तिथेही आहे

हा भाग वाचताना मी खरंच खुर्चीत सरळ बसलो. या देशात बालांता नावाचा मोठा समाज आहे, ते स्वतःला ब्रासा म्हणवतात. यांची ओळख म्हणजे भात. आणि भात कुठे लावतात तर खारफुटीच्या चिखलात.

पद्धत अशी. आधी खाडीच्या कडेने मातीचा लांब बांध घालायचा, म्हणजे भरतीचं खारं पाणी आत येणं बंद. मग आतली तिवरं तोडायची आणि दोन-चार पावसाळे जमीन तशीच सोडायची, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन निघेपर्यंत. बांधात ठिकठिकाणी पोकळ झाडाचं खोड आडवं पुरलेलं असतं, त्याला बूच. ओहोटीला बूच काढलं की आतलं जादा पाणी बाहेर, भरती यायच्या आत बूच परत लावायचं. गोव्यात याला मानस म्हणतात, रायगडात उघाडी म्हणतात, जागा बदलली तरी डोकं तेच चाललंय.

या शेताला तिथे बोलान्या म्हणतात. नांगर नाही, बैल चिखलात रुततील. त्याऐवजी केबिंदे नावाचं एक अवजार, माणसापेक्षा लांब दांड्याचं लाकडी फावडं, टोकाला लोखंडाची पट्टी. पुरुष रांगेने उभे राहतात, केबिंदे चिखलात खुपसतात, दांडा मांडीवर टेकवून ओलं ढेकूळ उचलतात आणि उलटं करून वरंब्यावर टाकतात. गुडघाभर चिखलात दिवसभर हेच करायचं. बांध फुटला तर खारं पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात नाही. त्यामुळे बांध हे एकट्याचं काम नाहीच, ते गावकीचं काम आहे. बालांतांमध्ये राजा नाही, सरदार नाही, वयाने मोठे लोक बसून ठरवतात आणि तरुणांच्या टोळ्या राबतात.

हे इतकं सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे, पुढे काजूची गोष्ट येईल तेव्हा हे बांध परत आठवावे लागतील.

माणसं किती तऱ्हेची, आणि बोलतात काय

बालांतांच्या बरोबरीने, किंबहुना संख्येने जरा जास्तच, फुला लोक आहेत. हे पूर्वेकडचे, गाबू आणि बाफाता भागातले, गुरं पाळणारे आणि मुसलमान. त्यांच्या शेजारी मांडिंका, यांच्या पूर्वजांचं काबू नावाचं राज्य एकोणिसाव्या शतकापर्यंत या भागात होतं. किनाऱ्याकडे मांजाकू आणि पेपेल, राजधानीचं बेट मुळात पेपेलांचं. बेटांवर बिजागो, त्यांच्यात बाईचा शब्द मोठा, ओरांगो बेटावर तर लग्नासाठी पसंती बाई करते अशी परंपरा. धर्माचं म्हणाल तर निम्म्याला थोडे कमी मुसलमान, मग पारंपरिक देवदैवतं मानणारे, मग ख्रिश्चन. पण हे कप्पे एकमेकांत मिसळलेले आहेत, त्यामुळे आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसेल, त्याचं टेन्शन घेऊ नका.

एवढे सगळे एकमेकांशी बोलतात कसे? सरकारी भाषा पोर्तुगीज, ती शाळेत आणि ऑफिसात. बाजारात क्रिओल. क्रिओल म्हणजे काय, तर दोन-तीन भाषांच्या लोकांना रोजचा व्यवहार करताना जी मधली कामचलाऊ बोली तयार होते ती पुढच्या पिढीची मातृभाषा झाली की तिला क्रिओल म्हणतात. आणि उदाहरण शोधायला आफ्रिकेत जायची गरज नाही, रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात आजही काहीशे लोक घरात पोर्तुगीज क्रिओलच बोलतात, शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण मराठी. बिसावची क्रिओल ही तिची लांबची चुलत बहीण, तिथे शब्द पोर्तुगीज आणि ठेवण आफ्रिकन.

त्यामुळे गंमत अशी होते की बिसावच्या बाजारात काही शब्द आपल्याला कळतील. चावीला ते चाबी म्हणतात. साबणाला साबोन. आणि काजूला? काजूच.

काजू तिथे पोचला कसा

काजू मुळात ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला, आफ्रिकेतही नेला, नावासकट. पण गिनी-बिसावमध्ये शेकडो वर्षं तो आपला इकडेतिकडे झाड म्हणून होता. वसाहतीच्या काळातलं पैशाचं पीक होतं भुईमूग, तिथल्या भाषेत मांकारा. शेतकऱ्याने भुईमूग पिकवायचा, कर भरायचा, आणि माल ठरलेल्या पोर्तुगीज कंपनीच्या दुकानात ती म्हणेल त्या भावाने घालायचा.

काजू खऱ्या अर्थाने पसरला तो स्वातंत्र्यानंतर, १९८० च्या दशकापासून. सरकारला परकीय चलन हवं होतं, भारतातल्या कारखान्यांना बी हवी होती, आणि शेतकऱ्याला असं झाड हवं होतं ज्याला खत नको, पाणी नको, राखण नको. शिवाय एक बारीक गोष्ट, झाड लावलं की जमिनीवर हक्क बसतो. पडीक रान कुणाचं यावर वाद होऊ शकतो पण दहा वर्षांची काजूची बाग कुणाची यावर वाद होत नाही. कोकणात हे कुणाला समजावून सांगायची गरज नसावी. तर लोकांनी लावत लावत अख्खा देश काजूने भरला. आज देशाच्या निर्यातीच्या कमाईतले ९० टक्क्यांच्या आसपास पैसे एकट्या काजूबीचे. वर्षाला साधारण दोन लाख टन बी, आणि त्यातली जवळजवळ सगळी न फोडता, टरफलासकट, बोटीत भरून भारत आणि व्हिएतनामला.

असं समजा की एखाद्या घरात पाच भाऊ आहेत आणि पाचही जण एकाच कंपनीत एकाच डिपार्टमेंटला आहेत. कंपनी चांगली चालली तर दिवाळी मोठी. नाहीतर पाचही पगार एकदम थांबले.

सीझनचे तीन महिने

मार्चच्या शेवटी सरकार एक दर जाहीर करतं, शेतकऱ्याला किलोमागे किमान एवढे द्या म्हणून. २०२५ ला तो ४१० फ्रँक (तिथलं चलन) होता, आपले साधारण साठ रुपये. पण हा दर म्हणजे आपल्या हमीभावासारखाच, कागदावर असतो. खरेदी करणारे छोटे दलाल गावोगाव फिरतात, त्यांच्यामागे राजधानीतले बडे व्यापारी, त्यांच्यामागे बाहेरचे खरेदीदार, त्यात भारतीय बरेच. शेतकऱ्याच्या घरातला तांदूळ मे-जूनमध्ये संपत आलेला असतो, पाऊस तोंडावर असतो, बी भिजली तर काळी पडणार. थांबायला वेळ कुणाकडे आहे, शेतकऱ्याकडे नक्कीच नाही.

म्हणून बऱ्याच गावांत पैसा मध्ये येतच नाही. दलाल तांदळाचं पोतं घेऊन येतो आणि काजूबी घेऊन जातो. बरं वर्ष असेल तर किलोला किलो. वाईट वर्षी एक किलो तांदळाला दोन, कधी तीन किलो बी मोजावी लागते. आणि तो तांदूळ कुठला? आशियातून आलेला. म्हणजे बघा, ज्या माणसाचा आजा केबिंदे घेऊन स्वतःचं भात पिकवत होता तो आता आपल्याकडे काजू पाठवून बाहेरचा तांदूळ खातोय. बोलान्याचे बांध दुरुस्त करायचे दिवस आणि काजू वेचायचे दिवस एकमेकांवर येतात, तरुण पोरं शहरात गेलेली, एकदा बांध फुटला की परत घालायला माणसं मिळत नाहीत. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, हिशोबच तसा होत गेला.

दरात राजकारण घुसलं की काय होतं याचं उदाहरण २०१८ चं आहे. त्या वर्षी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जुझे मारियु वाझ यांनी एकदम १००० फ्रँक दर जाहीर केला. शेतकरी खूश. खरेदीदारांनी हिशोब केला आणि ते आलेच नाहीत. बी घरात पडून राहिली, पाऊस जवळ आला, शेवटी दर खाली आणावा लागला.

वेचायचं काम मुख्यतः बायका आणि पोरांचं, सीझनमध्ये शाळेच्या वर्गात पोरं कमी दिसतात. झाड पुरुषाच्या नावावर असतं पण बोंडू, म्हणजे बीला लागलेलं रसाळ फळ, बाईचे. बायका बोंडूपासून बी पिळून वेगळी करतात, बोंडू चेचून रस काढतात, काही ताजा विकतात आणि बाकीचा आंबवतात, दोन दिवसांत काजूची वाईन तयार. पुढे भट्टी लावून कडक दारूही काढतात. गोव्यात उर्राक आणि फेणी, तिथे बिन्यू आणि काना. हा पैसा बाईच्या हातात राहतो, आणि तो कुठे जातो माहितीये? आबोतात. आबोता म्हणजे दहा-वीस बायकांनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकीने सगळी उचलायची. भिशी हो, दुसरं काय.

मग ते स्वतःच का नाही काजू फोडत?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो बरोबर आहे, कारण खरा पैसा बी फोडल्यावर आहे. पण काजू फोडणं म्हणजे शेंगा सोलणं नव्हे. टरफलात जे तेल असतं ते हाताला लागलं की कातडी जळते, मामाकडच्या बायका हाताला राख नाहीतर एरंडेल लावून बसतात तरी बोटं काळीच. आधी बी वाफवायची, मग एकेक दाणा कटरवर धरून फोडायचा, गर अख्खा निघाला पाहिजे, मग भट्टीत सुकवायचा, मग वरची तांबडी साल काढायची, मग अख्खा, पाकळी, तुकडा असे भाग करायचे. अख्ख्या गराला जो भाव आहे त्याच्या निम्माही तुकड्याला नाही, म्हणजे नफा हा फोडणाऱ्या बाईच्या हातात असतो.

व्यापारात बीची प्रत मोजतात ती आउटटर्नने, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो त्यावर. बिसावची बी यात चांगली, पन्नासच्या वर जाते. म्हणजे माल उत्तम आहे. अडतं कुठे, तर बाकी सगळीकडे.

एक, भांडवल. बी मिळते तीन महिने पण कारखाना बारा महिने चालवायचा तर वर्षभराची बी सीझनमध्येच रोख देऊन भरून ठेवावी लागते, तिथल्या बँकेकडून तेवढं कर्ज मिळणं कठीण आणि मिळालं तर व्याज अंगावर येतं. दोन, वीज. २०२३ च्या ऑक्टोबरची गोष्ट, राजधानी बिसावला वीज द्यायला समुद्रात एक तुर्की जहाज उभं होतं, तरंगतं वीजकेंद्रच. बिल थकलं म्हणून त्यांनी पुरवठा तोडला आणि राजधानी अंधारात गेली, हॉस्पिटलसकट. आपल्याकडे सोसायटीचं बिल थकलं तर मीटर कापतात, इथे देशाच्या राजधानीचा कापला. अशा ठिकाणी बॉयलर आणि ड्रायर लावायची हिंमत कोण करणार. तिसरं कारण थोडं नाजूक आहे, कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर ही सरकारची मोठी कमाई, आणि ती गोळा करायला सोपी, एकच बंदर, एकच सीझन. बंदर मात्र अरुंद आणि तुंबलेलं, त्यामुळे बराच माल रात्रीचा सीमा ओलांडून सेनेगलला जातो हा भाग वेगळा.

"मग कच्ची बी बाहेर न्यायलाच बंदी घाला की." बंदी घालून चालत नाही, फोडायची सोय नसेल तर बी झाडाखालीच सडेल आणि मरेल तो शेतकरी. पण जमत नाही असंही नाही. आयव्हरी कोस्ट, जगातला सगळ्यात मोठा काजूबी उत्पादक, त्यांनी कारखान्यांना सवलती देऊन फोडण्याचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलंय. त्याला वर्षानुवर्षं तेच धोरण धरून बसणारं सरकार लागतं. आणि इथे गाडी परत बातमीवर येते.

लष्कर इतकं मधे का येतं

"आफ्रिकेत असंच चालतं" हे उत्तर आळशी आहे. शेजारचा सेनेगल बघा, तिथे आजवर एकदाही लष्कराने सत्ता घेतलेली नाही. मग हद्दीच्या या बाजूला १९८०, १९९९, २००३, २०१२ आणि आता २०२५ असं का?

मुळाशी जावं लागतं. अमिल्कार काब्राल नावाचा माणूस, १९२४ ला बाफातात जन्मलेला, पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला जाऊन शेतीतज्ज्ञ झाला. पोर्तुगीज सरकारच्याच नोकरीत त्याने १९५३ ला देशाची शेती-पाहणी केली, गावोगाव फिरला, कोण काय पिकवतं, कुणाची जमीन कशी, सगळं पाहिलं. मला तर वाटतं देश उभा करायला निघालेल्या नेत्याने यापेक्षा चांगला गृहपाठ केलेला नसेल. १९५६ ला त्याने साथीदारांबरोबर स्वातंत्र्यासाठी पक्ष काढला. १९५९ च्या ऑगस्टमध्ये बिसावच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला, पन्नासच्या आसपास माणसं गेली, आणि अर्ज-विनंत्यांनी काही होणार नाही हे ठरून गेलं.

इथे गोव्याचा धागा येतो. १९६१ ला मोरोक्कोत कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची एक संघटना झाली, त्यात आफ्रिकेतल्या लोकांबरोबर गोव्याचेही लोक होते. त्याच वर्षी डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि दोन दिवसांत गोवा मोकळा झाला. गिनी-बिसावच्या बाजूला असं सैन्य घेऊन येणारं कुणी नव्हतं. तिथे १९६३ ते १९७४ जंगलात आणि खाड्यांत लढाई झाली, लढणाऱ्यांत बालांता तरुण मोठ्या संख्येने. काब्रालला २० जानेवारी १९७३ ला कोनाक्रीत गोळ्या घालून मारलं, स्वातंत्र्य त्याने पाहिलं नाही. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि पोर्तुगालने ते मान्य केलं एका वर्षाने, लिस्बनमध्येच क्रांती झाल्यावर.

तर झालं काय, की देश व्हायच्या आधी सैन्य तयार झालं. आपल्याकडे प्रशासन, कोर्ट, रेल्वे आधीपासून होतं आणि सैन्य त्यांच्यातलंच एक खातं. तिथे पोर्तुगीजांनी मागे काही ठेवलं नव्हतं, उभी असलेली एकमेव मोठी यंत्रणा म्हणजे लढून आलेले लोक. त्यांना वाटतं देश आम्ही मिळवला, आणि ते खोटंही नाही. त्यात पगार वेळेवर नाही, वरचे अधिकारी भरपूर, खालचे सैनिक कमी. आणि देशात पैशाच्या वाटा मोजून चार, काजूच्या निर्यातीवरचा कर, मासेमारीचे परवाने (युरोपीय संघ आपल्या बोटींसाठी वर्षाला दीड-दोन कोटी युरो देतो), परदेशी मदत, आणि चौथी पुढे सांगतो. चारही वाटा राजधानीतल्या खुर्चीवरून जातात. गावात एकच विहीर असेल तर भांडण पाण्यासाठी दिसतं पण खरं असतं रहाटावर कोण बसणार याचं.

२०२५ च्या घटनेबद्दल तर तिथेच संशय आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उमारू सिसोकु एंबालो आणि विरोधी उमेदवार फर्नांदु दियास दोघांनीही आपणच जिंकलो म्हणून सांगितलं होतं. निवडणूक पाहायला आलेले नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी तर हे बंड निव्वळ देखाव्याचं होतं असं उघड म्हटलं. जनरल ओर्ता इंता-आ यांनी एका वर्षासाठी म्हणून सूत्रं घेतली, आणि निवडणूक आयोगाने नंतर सांगितलं की मतमोजणीची कागदपत्रंच नेली गेली, निकाल पुरा करता येत नाही.

"तो ड्रग्जवाला देश ना?"

हीच ती चौथी वाट. २००५ नंतर दक्षिण अमेरिकेतून युरोपला जाणारं कोकेन इथून जायला लागलं, कारण नकाशात मधे, बेटं ओस, किनाऱ्यावर गस्त नाही. नौदलाच्या एका माजी प्रमुखाला २०१३ ला अमेरिकनांनी समुद्रात सापळा लावून पकडलं. २०२४ च्या सप्टेंबरात व्हेनेझुएलाहून आलेल्या एका विमानात बिसावच्या विमानतळावर अडीच टनांहून जास्त कोकेन सापडलं. हे सगळं खरं आहे. पण ते कोकेन तिथे पिकत नाही, बहुतेक तिथे विकलंही जात नाही, जाता जाता थांबतं आणि वरच्या चार लोकांना पैसे देऊन पुढे जातं. बोंडू पिळणाऱ्या बाईचा त्याच्याशी संबंध शून्य, देशाच्या नावाला लागलेला डाग मात्र तिच्याही वाट्याला.

पैसा कुठला वापरतात

पूर्वी पोर्तुगीज वसाहत असून आज नोटा मात्र फ्रेंच वारशाच्या. १९९७ ला त्यांनी स्वतःचा पेसो सोडला आणि शेजारच्या सात देशांबरोबर सीएफए फ्रँक घेतला. एकत्र कुटुंबाचा एकच गल्ला, किल्ली सेनेगलच्या राजधानीतल्या, डाकारच्या मध्यवर्ती बँकेकडे, आणि भाव युरोला बांधलेला, एका युरोला ६५५.९५७ फ्रँक, हलत नाही. फायदा असा की सरकारला मनाला येईल तशा नोटा छापता येत नाहीत, बंड झालं तरी दुसऱ्या दिवशी खिशातला पैसा कागद होत नाही. तोटा असा की काजूचा जागतिक भाव पडला तर चलन थोडं उतरवून सांभाळून घ्यायची सोय नाही, सगळा दणका शेतकऱ्याच्या दरावर.

आणि आमच्या बागायतदाराचं काय?

हा आक्षेप येणारच, मामाच्या शेजाऱ्यानेच घेतला. म्हणे आफ्रिकेची स्वस्त बी येते म्हणून आमची बी पडून राहते, आणि तुम्ही त्यांची दुःखं सांगता. त्याचं म्हणणं चूक नाही. सीझनला कोकणात दर पडतो तेव्हा कारखानदाराच्या डोक्यात आफ्रिकेचा दर असतोच. म्हणूनच २०२४ ला राज्य सरकारला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं.

पण दुसरी बाजूही बघा. भारतात बी पिकते सात-आठ लाख टनांच्या आसपास आणि कारखान्यांची भूक त्याच्या दुपटीची. नुसत्या आपल्या बीवर मामाची शेड चालवायची म्हटली तर दिवाळीच्या आधी बंद, बायका घरी. आणि वेंगुर्ल्याच्या बीला जी चव आहे तिला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही आहे, पण पाकिटात दोन्ही गर एकत्र झाले की गिऱ्हाईकाला काय कळणार. वेगळं पाकीट, वेगळं नाव, वेगळा भाव हे जमेपर्यंत दोघे शेतकरी, इथला आणि तिथला, एकाच दलालाच्या तराजूत.

मामाला शेवटी फोन करून सांगितलं की बंड नोव्हेंबरात झालंय, माल तर पावसाळ्यातच निघून आलाय, त्यामुळे लगेच काही होणार नाही, मार्च-एप्रिलमध्ये ते काय दर लावतात आणि बंदर सुरळीत चालतं का ते बघ. तो म्हणाला, "बरा." मग म्हणाला त्या पोत्यांचं तळवट करून अंगणात घातलंय, त्यावर कोकमाची सोलं वाळत घालायला बरं पडतं, ताग चांगला आहे त्यांचा, आणि तुला चार हवीत तर पुढच्या खेपेला घेऊन जा.